संगणक-चिपांची वाटणी : संस्थात्मक ग्राहक आणि घरगुती ग्राहक

गोरेगाव आणि मालाड या स्थानकांच्या पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडल्यावर राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांपर्यंत जो भाग पसरलेला आहे, तो दिंडोशी या नावाने ओळखला जातो. म्हाडाच्या वसाहती, नागरी निवारा परिषदेची घरे, संतोषनगरची दाट वस्ती आणि अलीकडे उठलेले उंच मनोरे यांची येथे सरमिसळ झालेली आहे. याच परिसरात 1977 साली राज्य शासनाने वसविलेली चित्रनगरी आहे. रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये स्थापिलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. आणि महामार्गाच्या अलीकडे, ज्या आवारात एके काळी निर्लॉनच्या कारखान्यातून नायलॉनचे सूत निघत असे, तेथे आता बहुराष्ट्रीय बँकांच्या कचेऱ्यांचे संकुल उभे आहे.

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाचे दोन भिन्न ग्राहक या एकाच परिसरात शेजारी शेजारी नांदतात. पहिला ग्राहक म्हणजे चित्रनगरीच्या आश्रयाने वाढलेला एखादा संकलक, सचेतपटाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी, यंत्रशिक्षणावर प्रबंध लिहिणारा संशोधक, किंवा निव्वळ खेळाचा शौकीन असा एखादा तरुण. तो डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवर जातो, दोन-चार दुकानांत भाव विचारतो आणि एक कार्ड घरी आणून आपल्या संगणकात बसवितो. दुसरा ग्राहक एकेक कार्ड घेत नाही. त्याची खरेदी शेकड्यांनी व हजारांनी होते. त्याचे करार वर्ष-वर्ष आधी ठरतात. आणि पुष्कळदा तो यंत्र पाहतही नाही, पनवेलच्या किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमधील क्षमता तेवढी भाड्याने घेतो. पहिल्यास येथे घरगुती ग्राहक आणि दुसऱ्यास संस्थात्मक ग्राहक म्हटले आहे. घरगुती ग्राहकांची गेल्या काही वर्षांतील तक्रार अशी की, चिपांच्या उत्पादकांनी आपल्याकडे पाठ फिरविली असून सारा माल संस्थांकडे वळविला आहे. ही तक्रार कितपत खरी, कोणत्या काळी खरी आणि कोणत्या अर्थाने खरी, हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने अभ्यसनीय प्रश्न आहे. कारण वरवर एकच दिसणाऱ्या या दुर्मिळतेच्या मुळाशी निरनिराळी कारणे आळीपाळीने कार्य करीत आलेली आहेत.

प्रथम या वस्तूचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. पडद्यावरील चित्र लक्षावधी बिंदूंचे बनलेले असते व प्रत्येक बिंदूचा रंग ठरविण्याचे गणित साधे, परंतु इतर बिंदूंच्या गणितापासून बहुतांशी स्वतंत्र असते. सामान्य प्रक्रियक अशी गणिते एकामागून एक सोडवितो. ग्राफिक्स कार्ड हजारो गणिते एकाच वेळी सोडविते. चित्रपटाच्या कामात याचे महत्त्व केवढे आहे हे साध्या हिशेबाने कळेल. सेकंदास 24 चौकटी या मानाने अर्ध्या मिनिटाच्या दृश्यात 720 चौकटी येतात. एक चौकट चितारण्यास संगणकास दहा मिनिटे लागत असतील, तर त्या अर्ध्या मिनिटासाठी 120 तास, म्हणजे अहोरात्र पाच दिवस लागतील. चांगले कार्ड असल्यास हेच काम एका रात्रीत उरकू शकते. संकलकाच्या दृष्टीने कार्ड ही चैनीची वस्तू नसून सुताराच्या रंध्याप्रमाणे हत्यार आहे.

1993 साली स्थापन झालेल्या एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने 1999 मध्ये जीफोर्स 256 हे कार्ड बाजारात आणले, ते खेळांसाठी. पुढे 2006 मध्ये तिने कुडा ही प्रणाली जाहीर केली व तिच्या योगे चित्राखेरीज इतर गणितेही त्याच कार्डावर करता येऊ लागली. या सोयीचा खरा उपयोग काय, हे काही वर्षे कोणालाच नीटसे उमगले नव्हते. 2012 साली टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर व जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखणारे एक चेताजाल तयार केले आणि त्या वर्षीच्या स्पर्धेत इतर सर्व पद्धतींना मागे टाकले. हे जाल जीटीएक्स 580 या जातीच्या, प्रत्येकी 3 जीबी मेमरी असलेल्या दोन कार्डांवर शिकविण्यात आले होते. ही कार्डे कोणत्याही दुकानात मिळणारी, खेळाडूंसाठी केलेली होती. आज ज्या संस्थात्मक मागणीमुळे घरगुती ग्राहक मागे रेटला जात आहे, तिचा उगम घरगुती ग्राहकाच्याच कार्डातून झाला, ही गोष्ट या विषयाच्या विवेचनात सहसा विसरली जाते.

या मागणीचा वेग कंपनीच्या हिशेबांत स्पष्ट उमटलेला आहे. एनव्हिडियाचे आर्थिक वर्ष जानेवारीच्या अखेरीस संपते. जानेवारी 2022 मध्ये संपलेल्या वर्षी खेळांच्या विभागाचे उत्पन्न सुमारे 12.5 अब्ज डॉलर व डेटा सेंटर विभागाचे सुमारे 10.6 अब्ज डॉलर होते. म्हणजे घरगुती ग्राहक अद्यापि थोरला भाऊ होता. पुढील वर्षी हे आकडे अनुक्रमे सुमारे 9.1 व 15 झाले. जानेवारी 2025 मध्ये संपलेल्या वर्षी खेळांचा विभाग सुमारे 11.4 अब्जांवर होता, तर डेटा सेंटर विभाग सुमारे 115 अब्जांवर जाऊन पोहोचला. तीन वर्षांत एका विभागाचे उत्पन्न जेमतेम जागच्या जागी राहिले आणि दुसऱ्याचे जवळजवळ अकरापट झाले. मात्र यावरून घरगुती ग्राहकाचा माल काढून घेण्यात आला, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. एका शेतातील ऊस वाढला म्हणून शेजारच्या शेतातील ज्वारी कमी झाली असे ठरत नाही. त्यासाठी दोन्ही शेतांना एकाच विहिरीचे पाणी जात होते हे आधी सिद्ध केले पाहिजे.

ही विहीर कोणती, याचा आता विचार करू जाता प्रथम वेफर समोर येतो. वेफर म्हटले की मुंबईकरास बटाट्याची चकती आठवेल. आणि आकाराच्या दृष्टीने ती उपमा अगदीच चुकीची नाही. 300 मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर चिपा कोरून नंतर त्या कापून वेगळ्या केल्या जातात. एनव्हिडियाचा स्वतःचा कारखाना नाही. तैवानातील टीएसएमसी ही कंपनी तिच्यासाठी चिपा घडविते. 2022 साली आलेल्या एच 100 या डेटा सेंटरच्या चिपेचे क्षेत्रफळ 814 चौरस मिलिमीटर आहे. त्याच वर्षी आलेल्या आरटीएक्स 4090 या घरगुती कार्डातील चिपेचे सुमारे 608. दोन्ही टीएसएमसीच्या एकाच 4एन प्रक्रियेने घडतात. भूमितीच्या हिशेबाने एका चकतीतून पहिल्या प्रकारच्या सुमारे 63 व दुसऱ्या प्रकारच्या सुमारे 89 पूर्ण चिपा निघू शकतात. सदोष निघणाऱ्या त्यांतून वजा करावयाच्या. आरटीएक्स 4090 ची जाहीर किंमत 1,599 डॉलर होती. एच 100 ची किंमत कंपनीने जाहीर केली नसली तरी ती 25 ते 40 हजार डॉलर असल्याचे वारंवार छापून आलेले आहे. त्यांपैकी कमी आकडा घेतला, तर एका चकतीपासून घरगुती कार्डांच्या रूपाने सुमारे 1 लाख 42 हजार डॉलरचा आणि संस्थात्मक मालाच्या रूपाने सुमारे 15 लाख 75 हजार डॉलरचा माल होतो. या किमतींत मेमरी, जुळणी, दुकानदाराची दलाली इत्यादी सर्व खर्च मिसळलेले आहेत, हे खरे. तथापि अकरापटीचा हा फरक एक चतुर्थांश करून घेतला तरी तो पावणेतीनपट उरतो. घरगुती कार्डाचा पर्यायी खर्च म्हणजे हीच गमावलेली प्राप्ती होय. दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर ती छापलेली नसते. उत्पादकाच्या मनात मात्र ती सदैव असते.

इतके झाल्यावर विषय संपला असे वाटणे साहजिक आहे, आणि पुष्कळ लेखक येथेच थांबतात. परंतु कालक्रम नीट तपासला असता हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. 2020 च्या सप्टेंबरात आलेल्या आरटीएक्स 30 मालिकेची कार्डे बाजारातून तत्काळ नाहीशी झाली व पुढे दीड-दोन वर्षे ती जाहीर किमतीस मिळेनात. परंतु त्या मालिकेच्या चिपा कोरियातील सॅमसंगच्या कारखान्यात घडत होत्या, तर त्या काळची डेटा सेंटरची चिप, ए 100, टीएसएमसीकडे. विहिरीच निरनिराळ्या होत्या. तेव्हाची टंचाई टाळेबंदीतील घरबसल्या मागणीने, जगभर विस्कळीत झालेल्या पुरवठ्याने आणि कूटचलनाच्या खननाने निर्माण केली होती. संस्थात्मक ग्राहकास त्या वेळी दोष देणे अन्यायाचे होते. 2022 मध्ये दोन्ही माल टीएसएमसीच्या एकाच प्रक्रियेवर आले आणि विहीर सामाईक झाली. तथापि त्या वर्षी 15 सप्टेंबरास इथेरियम या चलनाने खननाची पद्धतच बंद केल्यामुळे घरगुती कार्डांची मागणी घसरली व दुकानांत माल पडून राहिला. 2023 मध्ये संस्थात्मक मागणीचा लोंढा आला खरा, परंतु तेव्हा अडचण चकत्यांची नव्हती. एच 100 सारख्या चिपेभोवती उच्च वेगाच्या मेमरीचे थर अगदी लगटून बसवावे लागतात. या जुळणीस कोवॉस असे नाव असून तिची टीएसएमसीकडील क्षमता अपुरी पडत होती. घरगुती कार्डास ही जुळणी लागतच नाही. सबब चकत्या सामाईक असूनही कोंडी जेथे होती तेथे घरगुती ग्राहक स्पर्धक नव्हता, आणि त्याच्या वाटणीचा माल रोखून संस्थात्मक माल वाढविता येण्याजोगा नव्हता.

खरी सामाईक विहीर 2025 मध्ये उघडी पडली, ती मेमरीची. जगातील बहुतांश डीरॅम मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्या घडवितात. घरगुती कार्डातील जीडीडीआर, संगणकातील व भ्रमणध्वनीतील नेहमीची मेमरी आणि डेटा सेंटरच्या चिपेस लागणारी एचबीएम, या साऱ्या एकाच कुळातील असून बव्हंशी एकाच प्रकारच्या कारखान्यांतून निघतात. एचबीएममध्ये चिपांचे थर एकावर एक रचून त्यांतून उभी छिद्रे पाडावी लागतात. परिणामी तितक्याच साठवणक्षमतेसाठी नेहमीच्या डीडीआर 5 मेमरीच्या मानाने सुमारे तिप्पट चकत्या खर्ची पडतात, असे मायक्रॉननेच सांगितले आहे. एचबीएमचा एक घास म्हणजे इतरांच्या ताटातील तीन घास, असे हे प्रमाण आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये ओपनएआय या कंपनीने सॅमसंग व एसके हायनिक्स यांच्याशी जी इरादापत्रे केली, त्यांत महिन्यास 9 लाख चकत्यांपर्यंतच्या मागणीचा उल्लेख होता. त्या वर्षाच्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर भडकले. 3 डिसेंबर 2025 रोजी मायक्रॉनने आपला क्रूशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करीत असल्याचे जाहीर केले; माल पाठविणे फेब्रुवारी 2026 पर्यंत चालू ठेवण्याचे तिने ठरविले होते. वेगाने वाढणाऱ्या क्षेत्रांतील मोठ्या ग्राहकांना पुरवठा सुधारता यावा, हे कारण कंपनीने स्वतःच दिले. घरगुती ग्राहकाच्या तक्रारीस इतका निःसंदिग्ध पुरावा यापूर्वी मिळाला नव्हता. लॅमिंग्टन रोडवर क्रूशलची पट्टी मागणाऱ्यास इतर नाममुद्रांच्या पट्ट्या मिळतात. परंतु त्यांवरील चिपाही प्रायः याच तीन कंपन्यांपैकी कोणाच्या तरी असतात.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे वळावयास हवे, आणि ते अधिक मनोरंजक आहे. एकच उत्पादक दोन वर्गांस जवळजवळ एकच माल अतिशय भिन्न किमतींना विकत असेल, तर स्वस्त बाजारातून घेऊन महाग बाजारात विकणारा मध्यस्थ उपजल्याखेरीज राहत नाही. त्याला अटकाव करण्यासाठी दोन बाजारांमध्ये कुंपण घालावे लागते. झ्यूल द्यूप्युई या फ्रेंच अभियंत्याने 1849 मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गासंबंधी हेच दाखविले होते. त्या डब्यांना छप्पर नसे, ते काही छपराचा खर्च परवडत नव्हता म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून गरिबास उन्हापावसात बसविले जात असे. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिला व दुसरा वर्ग एकाच वेळी एकाच स्थानकास पोहोचतात. आसनाच्या मऊपणापेक्षा गर्दीच्या विरळपणासाठीच पहिल्या वर्गाचा पास काढला जातो, हे नित्य प्रवास करणाऱ्यास सांगावयास नको.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हे कुंपण अनेक पदरी आहे. दुहेरी अचूकतेची गणिते एच 100 आपल्या एकेरी अचूकतेच्या वेगाच्या निम्म्या वेगाने करते. आरटीएक्स 4090 मध्ये तोच वेग एक चौसष्टांश ठेवलेला आहे. अनेक कार्डे परस्परांस जोडणारा एनव्हीलिंक हा दुवा 2020 च्या आरटीएक्स 3090 मध्ये होता, तो 2022 च्या आरटीएक्स 4090 मधून काढून टाकण्यात आला. मेमरीचे परिमाण हे सर्वांत प्रभावी कुंपण होय. कारण मोठी भाषा-प्रतिमाने चालविताना वेगाआधी मेमरीच अपुरी पडते. आरटीएक्स 4090 मध्ये 24 जीबी, 2025 च्या आरटीएक्स 5090 मध्ये 32 जीबी. परंतु त्याच जातीच्या चिपेवर 96 जीबी मेमरी बसवून जे व्यावसायिक कार्ड विकले जाते, त्याची किंमत कित्येक पट अधिक. या वाढीव मेमरीचा परिव्यय त्या वाढीव किमतीच्या आसपासही येत नाही. याखेरीज एक कुंपण कागदी आहे. जीफोर्स कार्डाबरोबर येणाऱ्या आज्ञावलीच्या परवान्यात 2017 च्या अखेरीस असे कलम घालण्यात आले की, ती आज्ञावली डेटा सेंटरमध्ये वापरता येणार नाही. अपवाद केला तो फक्त खननाचा. ज्या विद्यापीठांनी स्वस्त कार्डे फळीवर मांडून लहानशी संगणनशाळा उभारली होती किंवा उभारण्याचा बेत केला होता, त्यांच्या दृष्टीने हे कलम अडचणीचे होते.

हे कुंपण घरगुती ग्राहकाच्या विरुद्ध आहे असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा मानावा लागेल. जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये मूल्यभेदाचे जे विश्लेषण केले त्यानुसार, मूल्यभेदास मनाई केली असता मक्तेदार दोन्ही बाजारांसाठी एकच किंमत ठरवील, आणि ज्या बाजाराची मागणी कमी लवचिक व अधिक सधन आहे त्याच्या बाजूस ती झुकेल. 24 जीबीच्या कार्डाऐवजी घरगुती ग्राहकास 80 जीबीचे कार्ड घेण्याची मुभा मिळाली असती; परंतु ती वीस हजार डॉलरास. कुंपणामुळेच त्याला निदान छप्पर नसलेला डबा मिळतो. कुंपण मोडले म्हणजे काय होते, याचे उदाहरणही उपलब्ध आहे. अमेरिकन शासनाने ऑक्टोबर 2023 मध्ये आरटीएक्स 4090 चीच निर्यात चीनला बंद केली, तेव्हा चीनमध्ये ही घरगुती कार्डे उकलून त्यांच्या चिपा संगणनकेंद्रांस योग्य अशा पट्टांवर बसविल्या जात असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. घरगुती माल संस्थेच्या उपयोगी पडू लागताच त्यावर घरगुती ग्राहकाचा हक्क उरला नाही.

मात्र रॉबिन्सन यांचा हा दिलासा एका गृहीतावर उभा आहे : दोन्ही बाजारांस लागणारा माल वाढविता आला पाहिजे. एखादे सामाईक साधन ठरावीक असेल, तर दोन्ही बाजारांतील सीमांत प्राप्ती सारखी होईपर्यंत विक्रेता ते साधन एका बाजारातून दुसऱ्यात हलवीत राहील. आणि प्राप्तीत इतकी तफावत असताना एनव्हिडिया घरगुती कार्डे मुळात विकते तरी का, असा उलट प्रश्न मग उद्भवतो. त्याची उत्तरे तीन देता येतात. एक, वर सांगितल्याप्रमाणे संस्थात्मक मालाची कोंडी दीर्घकाळ चकत्यांऐवजी जुळणीत होती, त्यामुळे उरलेल्या चकत्यांचा उपयोग घरगुती मालासाठी होत राहिला. दोन, कुडाची सवय विद्यार्थ्यांस घरच्या कार्डावरच लागते; आजचा घरगुती ग्राहक हा उद्याच्या संस्थेतील खरेदीची शिफारस करणारा माणूस असतो. तीन, संस्थात्मक मागणी मूठभर अतिविशाल कंपन्यांच्या भांडवली खर्चावर अवलंबून असल्यामुळे ती आटल्यास हाताशी दुसरा बाजार असणे शहाणपणाचे ठरते. या तिन्ही कारणांत दुसरे सर्वांत टिकाऊ दिसते. मेमरीच्या विक्रेत्यास ते लागू पडत नाही, कारण मेमरीची कोणास सवय लागत नाही. चिप करणाऱ्याने घरगुती बाजार राखला आणि मेमरी करणाऱ्याने तो सोडला, यातील भेदाचे मर्म बहुधा येथेच आहे.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीस टंचाई नवी नाही. भांडुपच्या कारखान्यात होणारी लॅम्ब्रेटा आणि पुढे आकुर्डीची बजाज स्कूटर नोंदविल्यानंतर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि नंबर लागलेला मनुष्य गाडी न चालविताच ती वरच्या रकमेसह दुसऱ्यास विके. 2021 मधील कार्डांच्या काळ्या बाजाराचे त्या ‘ऑन’शी साम्य सहज दिसते. परंतु स्कूटरची किंमत व वाटप शासनाच्या नियंत्रण-आदेशाने बांधलेले होते. कारखान्याचा परवाना व परकीय चलन दोन्ही मर्यादित होती. आणि रांगेत कोण पुढे जाणार, उदाहरणार्थ सरकारी नोकरांसाठी राखीव असलेला वाटा, हे निदान जाहीर नियमाने ठरे. चिपांच्या रांगेस जाहीर नियम नाही. तेथे रांग उत्पादकाच्या विक्री-विभागात लागते, आणि दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकास आपण रांगेत आहोत याचीदेखील कल्पना नसते. घरगुती म्हणून दाखविलेली विक्री खरोखर घरांत जाते की नाही, हेही बाहेरच्यास कळत नाही. खननामुळे खेळांच्या विभागाची विक्री वाढली होती ही गोष्ट भागधारकांस पुरेशी स्पष्ट केली नाही, म्हणून अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने मे 2022 मध्ये एनव्हिडियाकडून 55 लाख डॉलरचा दंड तडजोडीने वसूल केला.

भारतीय ग्राहकावर या सर्वांच्या वर करांचा एक थर बसतो. आरटीएक्स 5090 ची भारतातील जाहीर किंमत जानेवारी 2025 मध्ये 2,14,000 रुपयांपासून होती. ती करासह धरल्यास तीत 18 टक्के दराने सुमारे 32,600 रुपये वस्तू व सेवा कराचे आहेत. नोंदणीकृत संस्थेस हा कर आपल्या देय करातून वळता करून घेता येतो. शिवाय संगणकावर 40 टक्के दराने घसारा मिळतो. दिंडोशीच्या खोलीत बसून काम करणारा संकलक नोंदणीकृत नसेल, तर त्याला यांपैकी पहिली सवलत मिळत नाही. आणि विद्यार्थ्यास दोन्ही मिळत नाहीत. म्हणजे उत्पादकाने केलेल्या मूल्यभेदाशिवाय दुसरा एक मूल्यभेद करपद्धती आपण होऊन करते, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

शासनाचे धोरण संस्थात्मक मार्गाचे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये इंडियाएआय या योजनेस पाच वर्षांसाठी 10,372 कोटी रुपये मंजूर केले. निदान दहा हजार प्रक्रियक उपलब्ध करण्याचा मूळ संकल्प होता. जानेवारी 2025 मध्ये 18,693 प्रक्रियकांची व्यवस्था झाल्याचे जाहीर झाले, व त्यांतील सर्वांत मोठा वाटा पनवेलला डेटा सेंटर असलेल्या योट्टा या कंपनीचा होता. पुढे अनुदानासह तासाचा दर सुमारे 65 रुपये असल्याचे शासनाने सांगितले. हा दर घरगुती कार्डाशी ताडून पाहण्याजोगा आहे. 2,14,000 रुपयांत 65 रुपये दराने सुमारे 3,290 तास मिळतात. रोज चार तास वापरणाऱ्यास ते सव्वादोन वर्षे पुरतील. त्यात विजेचे बिल नाही, उर्वरित संगणकाची किंमत नाही, आणि मिळणारा प्रक्रियक घरच्या कार्डाहून सरस. केवळ अंकगणिताने पाहता भाड्याचा मार्ग घरगुती ग्राहकाच्या हिताचा ठरतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु भाड्याच्या तासात आणि मालकीच्या तासात फरक आहे. भाड्याचा तास अर्ज करून, प्रकल्पाचा हेतू सांगून व मान्यता घेऊन मिळतो. चुकलेल्या प्रयोगाचेही पैसे मोजावे लागतात. घरच्या कार्डावर एकदा किंमत दिल्यानंतरचा तास विजेच्या खर्चाखेरीज फुकट असतो आणि त्यात हवे तितक्या वेळा चुकता येते. 2012 च्या चेताजालाचा प्रकल्प कोणा समितीपुढे मंजुरीस ठेवावा लागला असता, तर काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी. संकलकाची अडचण वेगळी आहे. चित्रीकरणाच्या मोठाल्या फिती दूरच्या केंद्राकडे पाठविणे व परत आणणे यात वेळ जातो, आणि निर्मात्याशी झालेल्या गोपनीयतेच्या करारामुळे कित्येकदा ते करताही येत नाही.

विद्यापीठांच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे, आणि तिचा दाखला पुण्यात मिळतो. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्याबाबत आडकाठी केल्यानंतर 1988 मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये तिने परम 8000 हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील प्रक्रियक ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते; खुल्या बाजारात कोणासही विकत मिळणारी ती चिप होती. महासंगणक नाकारता येतो, परंतु त्याचे सुटे भाग सर्वसाधारण बाजारात विकले जात असल्यास नकार निष्फळ होतो, असा त्या प्रयत्नाचा पाया होता. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकन शासनाने प्रगत चिपांच्या निर्यातीसाठी देशांच्या श्रेणी पाडल्या, तेव्हा भारतास दुसऱ्या श्रेणीत, संख्येच्या मर्यादेसह ठेवले होते. तो नियम त्याच वर्षी मे महिन्यात मागे घेण्यात आला. त्या चार महिन्यांत किरकोळ विक्रीची कार्डे मात्र दुकानांत मिळतच होती. सर्वसाधारण बाजार जितका आक्रसेल आणि घरगुती मालाची मेमरी जितकी तोकडी ठेवली जाईल, तितका परम 8000 चा मार्ग अरुंद होईल.

मागणी ओसरली म्हणजे माल आपोआप घरी परतेल, या आशेचाही विचार केला पाहिजे, कारण 2022 मध्ये तसे एकदा घडले आहे. खनन थांबल्यावर खननशाळांतील कार्डे जुन्या बाजारात ढिगांनी आली आणि अनेक विद्यार्थ्यांनी आपले पहिले चांगले कार्ड त्या वेळी, निम्म्याहून कमी किमतीस घेतले. ती सामान्य कार्डेच होती. पंखा पुसून पुन्हा संगणकात बसविता येत होती. डेटा सेंटरमधील एच 100 चा बहुसंख्य वापरला जाणारा प्रकार तसा नाही. तो सामान्य संगणकाच्या खाचेत बसत नाही, त्यास पडदा जोडण्याची सोय नाही, एकेक नग 700 वॉटपर्यंत वीज घेतो, आणि त्याची मेमरी चिपेलगत कायमची जडविलेली असल्यामुळे काढून दुसरीकडे लावता येत नाही.